पाचशे माणसांच्या गावाला एसटी कशाला, म्हणे!

आमच्या नात्यातल्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. थोडक्यात म्हणणं असं: कोकणातली गावं ओस पडली हे जनगणनाच सांगते. उरलेल्या पाचशे माणसांच्या घरोघरी मोटारसायकल आहे. अशा गावांना रिकाम्या गाड्या सोडूनच एसटी बुडाली, तेव्हा या फेऱ्या बंद करा आणि तिथल्या रस्त्यांवरचा खर्चही थांबवा. मुंबईत बसून पुढे ढकलणाऱ्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. तो मेसेज रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वर तालुक्यात राहणाऱ्या माझ्या आत्यापर्यंत पोचला आणि तिचा घाबरून फोन आला, "आपली गाडी खरंच बंद करतायत काय रे?"

आधी मोटारसायकल. घरात एक गाडी असली की घरातल्या सगळ्यांची सोय झाली, हे कुणी ठरवलं? ती कमावता माणूस सकाळी कामाला घेऊन जातो. आठवीतल्या मुलीने हायस्कूलला कसं जायचं? गिअरच्या गाडीचा परवाना अठरा पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. गुडघे गेलेल्या म्हातारीने जुलैच्या पावसात मागच्या सीटवर बसून घाटी उतरायची आणि तालुक्याच्या दवाखान्यात जायचं? दिवस भरत आलेल्या बाईने? वडाप, म्हणजे सीटवारी चालणारी खाजगी जीप, मिळालं तर मिळालं, तेही सीटा भरल्याशिवाय हलत नाही.

आणि ज्या जनगणनेचा हवाला दिलाय ती उघडून तरी बघा. २०११ साली रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. राज्याचा आकडा ९२९. म्हणजे पुरुष मुंबई-पुण्याला गेले आणि गाव बायकांनी सांभाळलं. त्यांच्यात दुचाकी चालवणाऱ्या किती, हे मेसेज लिहिणाऱ्याने गावात येऊन बघावं. एसटी प्रामुख्याने ज्यांच्यासाठी आहे तीच माणसं या हिशेबातून गायब आहेत, आणि माझा राग त्यावर आहे.

लोकसंख्या घटली, हे मात्र खरं. २००१ मध्ये जिल्ह्यात १६,९६,७७७ माणसं होती, २०११ मध्ये १६,१५,०६९ उरली. पण दहा वर्षांत पाच टक्क्यांहून कमी घट झाली, त्याला ओस पडणं म्हणत नाहीत. शिवाय आकडा २०११चा आहे. पुढची जनगणना २०२७ची. आणि गावं का रिकामी होतात? हायस्कूलच्या वेळेला गाडी नसली की मुलांना घेऊन आई तालुक्याला खोली करते, घराला कुलूप लागतं. गाडी बंद करून हे थांबणार आहे का?

रस्त्याबद्दल थोडक्यात. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली आली तेव्हाच सपाट भागात ५०० लोकवस्ती ही अट होती, डोंगरी राज्यांत आणि आदिवासी भागात २५०. तेव्हा पाचशे माणसांच्या वस्तीला रस्ता ही कुणी केलेली उधळपट्टी नाही, सरकारचाच निकष आहे. उलट आमच्याकडे वाड्या विखुरलेल्या, मध्ये पऱ्या म्हणजे ओढे, त्यामुळे एकेक वाडी त्या आकड्यातही बसत नाही.

राहिला तोटा. आडगावच्या फेऱ्यांना भारमान, म्हणजे गाडी भरण्याचं प्रमाण, कमी असतं, मान्य. पण शाळा सुटायच्या आधीच गाडी परत गेली तर भारमान येणार कुठून? मग तेच कमी भारमान दाखवून फेरी रद्द होते. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास आहे, १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, आणि त्या सवलतीचे पैसे सरकार एसटीला देतं. ज्या गावात गाडीच येत नाही तिथल्या म्हातारीला त्या सवलतीचा काय उपयोग?

मागणी करायचीच असेल तर ही करा: मोठी गाडी परवडत नसेल तर मिडी बस द्या, दिवसाला दोनच फेऱ्या ठेवा, पण त्या शाळेच्या आणि दवाखान्याच्या वेळेला ठेवा. वेळापत्रक ठरवताना आगाराने ग्रामपंचायतीला विचारावं. आणि तो मेसेज पुढे पाठवलेल्यांनी आधी गावी फोन करून आपल्या माणसांना विचारावं, गाडी हवी की नको.