कोळशाची पोती आणि १९४५ चा एक कागद: बर्लिनच्या कोंडीवरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

बर्लिनच्या कोंडीवरचा लेख तुम्ही बारकाईने वाचलात आणि परखड लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. नवख्या वाचकासाठी एक ओळ: बर्लिन जर्मनीच्या सोव्हिएत विभागात होतं, जून १९४८ मध्ये सोव्हिएतांनी पश्चिम बर्लिनकडे जाणारे रस्ते आणि रेल्वे बंद केले, तेव्हा अमेरिका, ब्रिटन आदी पाश्चात्त्य देशांनी तिथे विमानांनी माल पोचवला. तुमचे आक्षेप थोडक्यात असे. शीतयुद्ध म्हणजे साम्यवाद आणि भांडवलशाही यांचा झगडा, त्यात पोती, टन आणि मिनिटं मोजत बसल्याने मूळ मुद्दा हरवतो. लेख पाश्चात्त्यांकडे झुकलेला आहे, कारण नाकेबंदी कधीच पूर्ण नव्हती, सोव्हिएत अधिकाऱ्यांनी पश्चिम बर्लिनकरांना धान्य देऊ केलं होतं आणि चलन बदलून कुरापत काढली ती पाश्चात्त्यांनीच. शिवाय १९४८ ची घटना सांगायला १९४४ पर्यंत मागे जायची गरज नव्हती.

मधल्या आक्षेपातलं बरंच मला मान्य आहे. पण तुमचं म्हणणं खरं ठरतं ते टन मोजल्यावरच, म्हणून आधी हिशेब.

पश्चिम बर्लिनमध्ये वीस लाखांहून जास्त माणसं होती. त्यांना रोज किमान १,५३४ टन अन्न लागेल असा अंदाज काढला गेला. त्यात पीठ आणि गहू ६४६ टन, सुकवलेला बटाटा १८० टन, साखर १८० टन, दूध पावडर १९ टन, पाव फुगवायचं यीस्टसुद्धा ३ टन. कोळसा आणि इंधन धरून सुरुवातीचं लक्ष्य रोज ४,५०० टन होतं, ऑक्टोबरात ते ५,६२० वर नेलं. म्हणजे विमानांनी मुख्यतः वाहिला तो कोळसा. एकूण मालात त्याचा वाटा जवळजवळ दोन तृतीयांश होता.

असं का, हे समजलं की पुढचं सगळं उलगडतं. तयार पावात तिसऱ्या हिश्शाच्या आसपास पाणी असतं, म्हणून पाव न नेता पीठ न्यायचं. पण मग भट्टी पेटवायला कोळसा न्यावा लागतो. बटाट्यातलं पाणी काढलं की वजन पाचव्या हिश्शावर येतं, पण सुकवलेला बटाटा शिजवायला परत जळण हवंच. पूर्वेकडच्या क्लिंगेनबेर्ग केंद्राची वीज तोडली गेली, तेव्हा पश्चिमेतल्या जुन्या, लहान वीजकेंद्रांनाही कोळसाच घालावा लागला. अन्नाचं वजन घटवायच्या युक्त्या होत्या. कोळसा मात्र सुकवून हलका होत नाही.

आता विमानं. डकोटा (सी-४७) साडेतीन टन नेई. ४,५०० भागिले साडेतीन म्हणजे रोज सुमारे १,२८६ खेपा. दिवसाला मिनिटं १,४४०. हे जमणारं नव्हतं. चार इंजिनांचं स्कायमास्टर (सी-५४) दहा टनांच्या आसपास नेई, त्याच्या ४५० खेपा पुरतात. एका धावपट्टीवर दर तीन मिनिटांनी एक विमान उतरलं तर दिवसाला ४८० होतात. म्हणजे कागदावर गणित सुटतं. त्यात माल चढवण्याचा प्रश्नही होता. डकोटाचं तिसरं चाक शेपटीखाली असल्याने जमिनीवर त्याची फरशी उतरती असते आणि पोती चढावर ओढावी लागतात. स्कायमास्टरचं ते चाक नाकाखाली. त्यामुळे त्याची फरशी सपाट राहते आणि दार ट्रकच्या हौद्याच्या उंचीला येतं. शिवाय एकाच मार्गावर हळू आणि वेगवान विमानं सोडली की मागचं पुढच्याला गाठतं आणि तीन मिनिटांचं अंतर मोडतं. म्हणून सप्टेंबरअखेर अमेरिकनांनी डकोटा या कामातून काढली.

हे गणित कुठे फसतं ते १३ ऑगस्ट १९४८ च्या शुक्रवारी दिसलं. बर्लिनच्या टेम्पेलहोफ विमानतळावर ढग अगदी खाली आलेले, वर मुसळधार पाऊस. एक स्कायमास्टर धावपट्टी ओलांडून गेलं आणि पेटलं. त्यामागच्याने ते टाळायला करकचून ब्रेक दाबले, त्याचे टायर फुटले. तिसरं चुकून बांधकाम चालू असलेल्या धावपट्टीवर उतरलं. तोवर मागून विमानं येतच होती. ती शहरावर तीन हजारांपासून बारा हजार फुटांपर्यंत एकावर एक घिरट्या घालत राहिली. खालचं उतरेना म्हणून वरच्यांना जागा मिळेना. मोहिमेचा प्रमुख विल्यम टनर त्यांतल्याच एका विमानात होता. त्याने बाकी सगळ्यांना परत पाठवलं आणि त्यानंतर नियम बदलले. हवा स्वच्छ असली तरी उड्डाण उपकरणांवरच करायचं. बर्लिनवर घिरट्या बंद. उतरण्याचा प्रयत्न एकदाच, तो चुकला तर भरलेलं विमान परतीसाठी ठेवलेल्या मधल्या हवाई मार्गाने तसंच परत न्यायचं. दहा टन माल परत नेणं हे नुकसान दिसतं खरं, पण एका विमानाला दुसरी संधी दिली की मागच्या पंधरांची रांग कोलमडते.

हाच टनर महायुद्धाच्या शेवटच्या वर्षात आसामातून हिमालयावरून चीनला रसद नेणाऱ्या ‘हंप’ मोहिमेचा प्रमुख होता. ठरावीक तासांनी होणारी देखभाल, ठरलेला वेग, अपघातांची नोंद, ही शिस्त त्याने तिथे बसवली आणि बर्लिनला आणली. महायुद्ध संपून शीतयुद्ध सुरू झालं असं आपण लिहितो. पण माणसं, यंत्रं आणि कामाच्या पद्धती त्याच होत्या.

लेखात न आलेली आणखी एक बाजू. कोळशाची भुकटी पोत्यांच्या विणीतून गळे, फरशीच्या फटींतून खाली जाई आणि विजेच्या तारा, जोडण्या, उपकरणं खराब करी. प्रत्येक खेपेनंतर झाडूनही ती पुरती निघत नसे. मीठ तर त्याहून वाईट, कारण ते साध्या विमानाचा धातू खातं. ब्रिटिशांनी त्यासाठी संडरलँड या पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचा उपयोग केला. समुद्राच्या पाण्यासाठी बनलेली असल्याने त्यांचा सांगाडा गंजरोधक होता आणि नियंत्रणाच्या तारा छताकडून जात. ती हाफेल नदीच्या रुंद पात्रात उतरत. डिसेंबरात बर्फाच्या भीतीने ती थांबवावी लागली, मग मीठ हॅलिफॅक्स जातीच्या विमानांच्या पोटाखाली पेट्या टांगून नेलं. बर्लिनच्या मुलांसाठी विमानातून चॉकलेटं टाकणाऱ्या वैमानिकाची गोष्ट खरी आहे आणि सगळ्यांना ठाऊक आहे, पण शहर तगलं की नाही हे ठरवणारी पोती वेगळी होती.

आता तुमचा मुद्दा. नाकेबंदी पूर्ण नव्हती असं तुम्ही म्हणता. महिन्यांचे आकडे पाहा. जुलै १९४८ मध्ये सुमारे ६९ हजार टन माल आला, म्हणजे रोज जेमतेम सव्वादोन हजार. लक्ष्याच्या निम्मा. ऑगस्टमध्ये १ लाख १९ हजार, रोज ३,८००. सप्टेंबरात १ लाख ३९ हजार झाले तेव्हा कुठे साडेचार हजारांची रेघ ओलांडली. नोव्हेंबरच्या धुक्याने आकडा पुन्हा १ लाख १३ हजारांवर, रोज ३,८०० च्या खाली आणला, आणि तेव्हा लक्ष्य वाढवलेलं होतं. मग शहर तगलं कसं? एक तर शिल्लक साठा होता. कोंडी सुरू झाली तेव्हा अन्न सुमारे ३६ दिवसांचं आणि कोळसा ४५ दिवसांचा होता. दुसरं म्हणजे लोक पूर्व बर्लिनमध्ये आणि आसपासच्या खेड्यांत जाऊन भाजी, बटाटे, लाकूड आणत. शहराच्या मधून अजून भिंत नव्हती, शहरातल्या गाड्या चालू होत्या. विमानांनी एकट्यांनी शहर जगवलं असा समज माझ्या लेखातून होत होता. तो चूक आहे.

धान्य देऊ केल्याची गोष्टही खरी आहे. मात्र त्यासाठी पूर्वेकडे शिधापत्रिकेची नोंद करावी लागे. तिथे नोंद करणं म्हणजे शहरावर सोव्हिएतांचा ताबा मान्य करणं, असंच बर्लिनकर समजत होते. वीस लाखांपैकी फार तर लाखभर लोक तिकडे गेले. या ठिकाणी विचारसरणी किंवा निष्ठा मोजता येते, आणि तीही पोटाच्या हिशेबातूनच.

चलनाबाबत मात्र तुमच्याशी सहमत होता येत नाही. पश्चिमेच्या विभागांत नवं मार्क २० जून १९४८ ला आलं, २३ ला सोव्हिएत प्रशासनाने सगळ्या बर्लिनसाठी आपलं चलन जाहीर केलं, २४ ला रस्ते-रेल्वे बंद. एवढ्या पाच दिवसांवर नजर ठेवली की चलन हेच कारण वाटतं. पण सोव्हिएत प्रमुख सोकोलोव्स्की जर्मनीचा कारभार पाहणाऱ्या चार देशांच्या संयुक्त नियंत्रण परिषदेतून उठून गेले ते २० मार्चला, आणि पाश्चात्त्यांच्या लष्करी गाड्यांवर निर्बंध आले १ एप्रिलपासून. चलनाच्या अडीच महिने आधी. त्या वेळी लंडनमध्ये पश्चिम जर्मनीचं वेगळं राज्य उभं करण्याची बोलणी चालू होती. सोव्हिएतांचा खरा आक्षेप त्या राज्याला होता. तो आक्षेप निराधार होता असं मी म्हणत नाही. फक्त कारण जूनमध्ये न शोधता फेब्रुवारी-मार्चमध्ये शोधायला हवं.

आता १९४४. शीतयुद्ध हा विचारांचा झगडा, एवढंच धरून चाललं तर एक साधा प्रश्न सुटत नाही: रस्ता बंद करणाऱ्यांनी आकाश का बंद केलं नाही? याचं उत्तर कागदपत्रांत आहे. १२ सप्टेंबर १९४४ च्या लंडनच्या करारनाम्यात जर्मनीचे विभाग आखले गेले आणि बर्लिन सोव्हिएत विभागाच्या पोटात, पण संयुक्त ताब्यात ठेवलं. सह्या झाल्या तेव्हा सोव्हिएत फौजा पोलंडमधल्या विस्तुला नदीच्या काठी होत्या आणि पाश्चात्त्य फौजा जर्मन सीमेला नुकत्या टेकत होत्या. बर्लिनपर्यंत जायचं कसं, हे त्यात लिहिलंच नाही. २९ जून १९४५ ला सोव्हिएत सेनानी झुकॉव्ह आणि पाश्चात्त्य सेनानी भेटले, एक महामार्ग आणि एक रेल्वेमार्ग वापरायचं ठरलं, तेही तोंडी. अमेरिकी सेनानी क्ले यांनी लेखी हमी घेतली नाही, आणि ती चूक होती हे त्यांनी पुढे मान्य केलं.

आकाशाचं तसं नव्हतं. ३० नोव्हेंबर १९४५ ला नियंत्रण परिषदेने तीन हवाई कॉरिडॉर लेखी मंजूर केले: हॅम्बुर्ग, हॅनोव्हर आणि फ्रँकफुर्टकडून बर्लिनला, प्रत्येकी २० मैल रुंद. कारण राजकारण नव्हतं. चार देशांची विमानं एकमेकांवर आदळू नयेत, एवढीच गरज होती. त्यासाठी नेमलेल्या बर्लिनच्या हवाई सुरक्षा केंद्रात सोव्हिएत अधिकारी कोंडीच्या सगळ्या काळात येऊन बसत होते. रस्त्यावर फाटक टाकायला गोळी झाडावी लागत नाही. ‘दुरुस्ती चालू आहे’ एवढं पुरतं. विमान अडवायचं तर ते पाडावं लागतं, आणि तेही आपणच सही केलेल्या मार्गावर. ५ एप्रिल १९४८ ला बर्लिनच्या गाटो विमानतळाजवळ ब्रिटिश प्रवासी विमान आणि सोव्हिएत याक लढाऊ विमान यांची टक्कर होऊन १५ जण गेले, तेव्हा अशा प्रसंगाचं मोल दोन्ही बाजूंनी पाहिलं होतं. म्हणून लेख १९४४ पासून सुरू होतो. तो भाग मी काढणार नाही.

ज्यांना स्वतः आकडे मांडायचे आहेत त्यांच्यासाठी दोन धोके सांगतो, कारण मराठीतल्या टिपणांत या चुका वारंवार दिसतात. पहिला, टन कोणता? अमेरिकी तक्त्यांतला टन २,००० पौंडांचा, म्हणजे ९०७ किलोचा. ब्रिटिश टन १,०१६ किलोचा. एकूण २३ लाख २६ हजार हा आकडा अमेरिकी टनांचा आहे, आपल्या १,००० किलोच्या टनात तो सुमारे २१ लाख १० हजार होतो. या उत्तरातले मालाचे आकडेही अमेरिकी टनांतच आहेत. दुसरा धोका तारखांचा. कोंडी उठली १२ मे १९४९ ला, पण साठा करण्यासाठी उड्डाणं ३० सप्टेंबरपर्यंत चालू राहिली. एकूण आकड्याला कोंडीच्या ३२२ दिवसांनी भागलं की रोज ७,२०० टन येतात आणि मोहीम होती त्याहून थोर दिसते. भागायचं उड्डाणांच्या सगळ्या ४६२ दिवसांनी. उत्तर येतं सुमारे ५,०३५.

शेवटी, माझ्या लेखातली सर्वांत मोठी उणीव तुमच्याही नजरेतून सुटली आहे. पाश्चात्त्यांनीही उलट नाकेबंदी केली होती. पश्चिम जर्मनीतल्या रूर या औद्योगिक भागातला कोळसा आणि पोलाद सोव्हिएत विभागाला मिळेनासं झालं आणि तिथले कारखाने अडू लागले. जानेवारी १९४९ अखेर स्टालिनने एका अमेरिकी पत्रकाराच्या प्रश्नांना उत्तरं देताना कोंडी उठवायच्या अटींत चलनाचा उल्लेखच केला नाही. १५ फेब्रुवारीला न्यूयॉर्कमध्ये अमेरिकी मुत्सद्दी जेसप यांनी सोव्हिएत मुत्सद्दी मलिक यांना विचारलं, हे वगळणं मुद्दाम आहे का? तिथून बोलणी सुरू झाली आणि ४ मे ला करार झाला. एप्रिलमध्ये विमानांनी २ लाख ३५ हजार टन आणले, म्हणजे रोज ७,८००, हे एक कारण. दुसरं कारण पूर्वेकडे न पोचलेला कोळसा. मूळ लेखात हे दुसरं कारण नव्हतं. आज घातलं आहे, जुलै ते नोव्हेंबरचा महिनावार तक्ताही जोडला आहे, आणि ‘विमानांनी शहर जगवलं’ हे वाक्य काढून ‘विमानांनी, शिल्लक साठ्याने आणि पूर्वेकडून येणाऱ्या मालाने’ असं केलं आहे.