फिरायला नवीन गाडी कशाला पाहिजे? जुनी अॅव्हेंजर बस्स झाली

आजकाल कुणी म्हणलं मला बाईकवर फिरायचंय की लोक आधी शोरूमचाच पत्ता देतात. दोन-अडीच लाखाची गाडी, वर बॉक्स, जॅकेट, आणि मग हप्ता. हप्ता सुरू झाला की माणूस सुट्टीच्या दिवशी पण ओव्हरटाईम करायला लागतो, फिरणं राहतं बाजूला. माझं मत स्पष्ट आहे, मराठवाड्यात फिरायचं असंल तर बजाजची जुनी अॅव्हेंजर 220 बघा. मी चाळीस हजाराच्या आत घेतली, 2015 मध्ये नवं मॉडेल आलं त्याच्या आधीची, कार्बोरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा साधा भाग).

कार्बोरेटर हीच तिची खरी ताकद आहे. येरमाळ्याला बंद पडू द्या नाहीतर धारूरला, स्टँडजवळचा मिस्त्री त्यातलं जेट (पेट्रोल यायचं बारीक भोक) काढून फुंकर मारून गाडी चालू करून देतो, त्याला ना लॅपटॉप लागतो ना कंपनीचा स्कॅनर. इंजिन पल्सर 220 च्याच घराण्यातलं, त्यामुळं क्लच प्लेटा, केबल, फिल्टर, बरंचसं सामान तालुक्याला मिळून जातं. बजाजचा वाळूजचा कारखाना 1985 पासूनचा, आपल्याकडं त्यांच्या गाड्यांवर हात बसलेला कारागीर गावोगाव सापडतो. आणि देखभाल म्हणजे काय, वेळेवर ऑईल, चेनला ल्यूब, एअर फिल्टर साफ (आपल्या रस्त्यांची धूळ बघता जरा लवकरच), स्पार्क प्लग मात्र दोन असतात हे मिस्त्रीला आठवण करून द्या, बरेच जण एकच बदलून मोकळे होतात.

घेताना घाई करू नका. मालकाला आधीच सांगा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नको. थंड इंजिन पहिल्या सेल्फला कसं घेतंय त्यावर निम्मं कळतं. किक नाही तिला, म्हणून बॅटरी चांगलीच पाहिजे. निळा धूर दिसला तर ऑईल जळतंय, सरळ परत फिरा. हँडल डावी-उजवी फिरवताना मधीच अडकलं तर कोन सेट (हँडलचं बेअरिंग) गेलाय, पुढच्या फोर्कवर ऑईल दिसलं तर त्याचं सील गेलंय, हे खर्च मोठे नाहीत पण भावात धरायचे. कागदाच्या बाबतीत मात्र दया दाखवू नका. इंजिन नंबर, चेसीस नंबर स्वतः आरसीशी ताडून बघा, ऑनलाईन चलान बघा, बँकेचा बोजा असंल तर तो उतरवूनच पैसे द्या. मालकी बदलायच्या 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर सह्या झाल्याशिवाय चावी घेतली तरी गाडी तुमची झाली नाही. एमएच 24 (लातूर) ची गाडी घेऊन एमएच 44 (अंबाजोगाई) ला आणायची तर एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, लागतो का ते आधी आरटीओत विचारा. इन्शुरन्स नावावर करायला 14 दिवसाच्या आत अर्ज टाका, हे तर बहुतेक जण करतच नाहीत आणि अपघात झाल्यावर डोक्याला हात लावून बसतात.

पंधरा वर्षाला टेकलेली गाडी असंल तर परत पासिंगचा खर्च आणि हेलपाटे मोजूनच भाव करा.

आता चालवायची मजा. सीट खाली, पाय पुढं, पाठ सरळ, बसलं की खाटेवर टेकल्यासारखं वाटतं. अंबाजोगाईहून पहाटं निघायचं, कळंब करून येरमाळ्याला हायवेला लागायचं, येडशीच्या रामलिंगाच्या झाडीत थांबून चहा, उन्हं चढायच्या आत तुळजापूर. सत्तरच्या स्पीडला इंजिन गाणं म्हणल्यासारखं चालतं, अॅव्हरेज चाळीसच्या आसपास, आणि कुणाला मागं टाकायची इच्छाच होत नाही. ज्यांना शंभरच्या वर पळायचंय त्यांनी दुसरी गाडी बघावी, ही त्यांची नाही. खडबडीत रस्त्यावर मागचं शॉकप जरा कडक लागतं हे खरं, पण दीडशे किलोमीटर झाल्यावर सुद्धा कंबर धरत नाही, माझ्यासाठी तेवढंच महत्त्वाचं.

यंदा बोरी नदीला चांगलं पाणी आलं की नळदुर्गला जायचं ठरलंय, किल्ल्यातला नर-मादी धबधबा पाणी असलं तरच पडतो. ज्यांची जुनी गाडी वाड्यात पडून आहे त्यांनी आताच बॅटरी चार्जिंगला लावा आणि टायरचं रबर कडक झालंय का ते बघून घ्या, निघायची तारीख खाली कमेंटमधी टाकतो.