कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक ही लूट नव्हे

गणपती जवळ आले की फिरू लागणारा एक मजकूर या वर्षी माझ्या आत्येने मला पाठवला आणि ‘इतकी वर्षे आपल्याला लुटले का रे?’ असे विचारले. तिने तो खरा मानला, म्हणून हे लिहिणे भाग आहे. मजकुराचे म्हणणे असे: कोकण रेल्वे खासगी मालकीची आहे, जादा भाडे उकळण्यासाठी ती पावसाळ्यात गाड्या मुद्दाम रेंगाळवते, मुंबईच्या पावसात लोकल धावतात, म्हणून पावसाळ्यात गाड्या कमी वेगाने चालवणारे पावसाळी वेळापत्रक रद्द झालेच पाहिजे, आणि हा मार्ग मुळात कोकणासाठी नव्हताच.

मालकीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. १९९० मध्ये स्थापन झालेल्या कोकण रेल्वे महामंडळात केंद्राचा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के वाटा होता. यात खासगी मालक कुठे आहे?

भाडे जास्त आहे, हे मात्र मान्य करावे लागेल. मार्ग उभारण्यासाठी काढलेले कर्ज फेडायचे म्हणून प्रवासी भाड्याच्या आकारणीत अंतर ४० टक्क्यांनी वाढवून धरले गेले, आणि तो भार कोकणी माणसाने वर्षानुवर्षे सोसला. परंतु ही आकारणी अंतरावर होते, वेळेवर नाही. गाडी दोन तास उशिरा पोहोचली म्हणून तिकिटाचा एक रुपयाही वाढत नाही. उलट रोहा ते वीर हा तुकडा सोडला तर बहुतेक मार्ग अजून एकेरी असल्यामुळे, गाडी जितकी हळू जाईल तितकी समोरून येणारी गाडी क्रॉसिंगला अडकते आणि दिवसभरात कमी गाड्या सोडता येतात, म्हणजे नुकसान महामंडळाचेच होते. पूर्वी १० जून ते ३१ ऑक्टोबर चालणारे हे पावसाळी वेळापत्रक २०२५ मध्ये १५ जून ते २० ऑक्टोबर इतके आखडले गेले, ते उगीच नव्हे.

आता लोकलशी केलेली तुलना, जी या मजकुरातील सर्वांत घातक गोष्ट आहे. मुंबईची लोकल बव्हंशी सपाटीवरून धावते. कोकण रेल्वे सह्याद्रीचे फाटे आणि समुद्राकडे जाणाऱ्या नद्या एकामागून एक ओलांडत जाते, आणि बोगदे संपले की दोन्ही बाजूंना उंच कापलेल्या दरडी असतात, ज्यांतील माती जून-जुलैत पाण्याने जड होऊन सुटते. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीवर कारवारहून मुंबईला निघालेली हॉलिडे स्पेशल आदळली आणि पन्नासहून अधिक माणसे गेली. पुढच्याच वर्षी, १६ जूनला, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसवर तीच वेळ आली. दरडींवर बसवलेल्या जाळ्या, पावसाळाभर दिवसरात्र चालणारी गस्त आणि मुसळधार पावसात पुढचे दिसेनासे झाले की वेग ताशी ४० किलोमीटरवर आणण्याची लोको पायलटला असलेली सूचना, या सगळ्याचे कारण त्या दोन अपघातांत आणि त्यांसारख्या प्रसंगांत आहे. वळणापलीकडे दगड पडला असेल तर चाळीसच्या वेगातली गाडी वेळेत थांबण्याची शक्यता असते. शंभरच्या वेगात ती जवळपास उरत नाही. धोका आता टळला आहे असे म्हणणाऱ्यांनी जुलै २०२४ आठवावा: पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरून वाहतूक बंद पडली आणि त्याच आठवड्यात दिवाणखवटीजवळ दरड कोसळली. अशा मार्गावर वेग वाढवा म्हणून लोकांकडून मागणी करवून घेणे हा बेजबाबदारपणा आहे, आणि मजकूर लिहिणाऱ्याने त्याखाली आपले नावही घातलेले नाही.

मार्ग कोकणासाठी नव्हता, हेही खोटे आहे. रेल्वेमंत्री राहिलेल्या मधू दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांनी तो कोकणासाठीच लावून धरला होता. मात्र लांब पल्ल्याच्या कित्येक गाड्या आपल्या स्थानकांवर न थांबता निघून जातात आणि रत्नागिरीची पॅसेंजर, जी पूर्वी दादरपर्यंत जात असे, करोनानंतर दिवा स्थानकातच थांबते, ही तक्रार रास्त आहे. सह्या गोळा करायच्याच असतील तर ही पॅसेंजर पुन्हा दादरला नेण्यासाठी आणि वीरच्या पुढे दुहेरीकरण व्हावे यासाठी कराव्यात. त्या कागदावर माझी आणि आत्येची, दोघांची सही असेल.