आत्या, काळी चार आणि कुकरची शिट्टी

घरात कोणी संगणकावर गाणी करतो हे नातेवाइकांना कळू देऊ नये. कळलं की आधी ‘रिंगटोन कापून दे’ येतं आणि मागोमाग लग्नं येतात.

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. इंदूरच्या आत्याचे गुडघे प्रवासाला तयार नव्हते. म्हणून तिने स्वतः रचलेलं मंगलाष्टक व्हॉइस नोटवर पाठवलं. वृत्त अर्थातच शार्दूलविक्रीडित. ओळीला १९ अक्षरं, आणि त्यांत दोन्ही घराण्यांची नावं, कुलदैवतं आणि जावईबापूंची एम.टेक. पदवी बसवलेली. मागे पंखा, बांगड्या, आणि ‘सावधान’च्या ‘धा’वर कुकरची एक खणखणीत शिट्टी.

“दादा, हे फक्त त्या शहनाईवर बसवून दे,” बहीण म्हणाली. ‘फक्त’ हा शब्द ज्याने कामाला लावला त्याने ते काम कधी केलेलं नसतं.

शहनाई नवरदेवाच्या चुलतभावाने पाठवली होती. मिनिटाला ९६ मात्रांची लय, चार मात्रांचे सोळा बार, म्हणजे बरोबर ४० सेकंद. तेवढ्यात मुलगी दारापासून अंतरपाटापर्यंत पोचणार. आत्या मात्र २९ सेकंदांत मोकळी झाली होती. गॅसवर कुकर असताना कोण आळवत बसतं? शिवाय शहनाईची पट्टी पेटीवरची काळी एक आणि आत्याची काळी चार. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या लागोपाठ मोजल्या तर आत्या सात पट्ट्या, म्हणजे सात सेमीटोन वर.

कॅसेटच्या जमान्यात हा प्रश्नच नव्हता. टेप हळू फिरवली की वेळ वाढायचा आणि आवाज आपसूक खाली यायचा, दोघं नवरा-बायकोसारखे एकत्रच जायचे. लहानपणी आम्ही आजोबांची मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी ४५वर लावून भल्याभल्या बुवांना चिमण्या करायचो आणि मार खायचो. वेळ आणि सूर यांचा हा संसार मोडायची एक युक्ती १९६६ साली बेल लॅब्समध्ये फ्लॅनगन आणि गोल्डन या दोघांनी मांडली. तिचं नाव फेज व्होकोडर. तेव्हाच्या संगणकांना ते काम जड जायचं. आता माझा सेकंडहँड लॅपटॉपही करतो, फक्त करताना पंख्याचा आवाज आत्याच्या पंख्यापेक्षा मोठा होतो.

आधी जुनाच मार्ग धरला. नुसतं सावकाश केलं, २९चे ४० सेकंद. आवाज साडेपाच सेमीटोन खाली आला. हवे होते सात. म्हटलं, आणखी दीड उतरवू, एका दगडात दोन पक्षी. बटण दाबलं. स्पीकरमधून आमचे दिवंगत आजोबा मंगलाष्टक म्हणू लागले. कुकरची शिट्टी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेल्या लाँचचा भोंगा झाली. स्वयंपाकघरातून आई धावत आली आणि काही न बोलता दारातच उभी राहिली. मी फाइल बंद केली.

दोष आत्याचा नव्हता. गळा, तोंड, नाक यांच्या पोकळ्यांचा प्रत्येकाचा स्वतःचा घुमार असतो, त्याला फॉर्मंट म्हणतात. सूर बदलला तरी माणसाचं डोकं तेवढंच राहतं, म्हणून घुमारही साधारण जागेवर राहतो. सॉफ्टवेअर सरसकट सगळंच खाली ओढतं, म्हणजे आत्याचं डोकं रांजणाएवढं होतं. त्यावर ‘फॉर्मंट जपा’ असं बटण असतं. ते दाबल्यावर आजोबा गेले, पण आलेली बाई आत्या नव्हती. आत्याच्या ओळखीची, सर्दी झालेली कुणीतरी होती.

मग वरच्या सप्तकातली काळी एक पाहिली. पाच सेमीटोन वर, म्हणजे जवळजवळ ती ३३ची तबकडी ४५वरच. पुढचं सांगत नाही. आत्या ज्येष्ठ आहे.

सूर बाजूला ठेवून आधी वेळेकडे वळलो. सूर न हलवता गाणं लांबवायचं म्हणजे पाहुणे वाढल्यावर आमटी पुरवायची. सॉफ्टवेअर आवाजाचे सेकंदाच्या शतांशात मोजावेत इतके बारीक तुकडे करतं आणि तेच तुकडे पुन्हा पुन्हा वाढतं. दहा टक्क्यांपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. मला पाहिजे होते ३८ टक्के, आणि व्हॉट्सअॅपने फाइल लहान करायला मुळात आमटीतला गाळ काढूनच पाठवलेला. स्वर लांबले ते एक वेळ ठीक, ‘क’, ‘ट’सारखी व्यंजनं लांबत नाहीत. ‘क’ हा क्षणात फुटून संपणारा आवाज. तो दोनदा वाढला की ‘क-कुर्यात् सदा मंगलम्’ होतं. मुहूर्तावर आत्या अडखळली तर मुलाकडचे काय म्हणतील?

सॉफ्टवेअरला म्हटलं, तूच लय ओळख. त्याने ओळखली, ती बांगड्यांची. ठेक्याशिवायच्या गाण्यात त्याला पकडायला ठोका लागतो, आणि आत्याच्या हातात तो होता. त्या हिशेबाने त्याने मंगलाष्टकाची लेझीम करून ठेवली. शेवटी रात्री दोन वाजता मी एकेका अक्षरावर हाताने खुणा लावत बसलो. १९ अक्षरं गुणिले चार ओळी, ७६ खुणा. ‘एम.टेक.’मधला ‘टे’ तीनदा हलवला.

“आत्या, पुन्हा म्हणशील का? जरा सावकाश?” मी फोनवर विचारलं.

“का रे, त्यात काय वाईट होतं?”

काही नाही म्हटलं. तरी दुसऱ्या दिवशी नवी नोट आली. २६ सेकंद, आणि काळी पाच. राग थेट पट्टीत दिसत होता.

मग पहिल्याच नोटवर रीतसर बैठक घेतली. एकट्या मुलीकडच्यांनीच का म्हणून सात सेमीटोन उतरायचं? आत्याला तीन खाली आणलं, शहनाईला चार वर चढवलं, दोघं पांढरी चारवर भेटले. शहनाईच्या नाकात थोडी शिंक अडकली, पण मुलाकडच्यांनी तेवढं सोसावं. लांबवायचंही सगळं आत्यावर लादलं नाही. ओळींच्या मध्ये शहनाईला वाजू दिलं, सहा सेकंद तिथेच भरले. उरला फक्त १७ टक्क्यांचा ताण. आत्या पुन्हा आत्या वाटू लागली.

राहिली ती शिट्टी. ती नेमकी आत्याच्या ‘धा’त मिसळलेली, कापायला गेलं की ‘सावान’ उरायचं. शेवटी मी तिच्यावर शहनाईची एक तान टाकली आणि झोपलो.

कार्यालयात सगळं ठरल्याप्रमाणे झालं. अंतरपाट धरलेला, एका टेबलावर बाटलीला टेकवलेल्या फोनमध्ये व्हिडिओ कॉलवर आत्या, नऊवारी, नथ, हातात तिकडच्या तिकडे टाकायला अक्षता. ७६ खुणा जागच्या जागी बसल्या. ‘एम.टेक.’ला मुलाकडच्यांनी माना डोलावल्या. शेवटची ओळ आली, ‘सावधाऽन’, आणि माझी तान कार्यालयाच्या स्पीकरनी परस्पर गिळली. शिट्टी मात्र स्वच्छ, लांब, पांढरी चारच्या हिशेबात घुमली.

“अगं बाई, डाळ!” फोनमधून आवाज आला.

अंतरपाट दूर झाला, हार पडले, वाजंत्री लागली. पडद्यावर रिकामी खुर्ची आणि तिच्यावर सांडलेल्या अक्षता. दोन मिनिटांनी आत्या धापा टाकत परतली.

“कुकर लावलाच नव्हता रे,” ती म्हणाली. “आणि ती मघाशी म्हणत होती ती कोण? बरी म्हणत होती.”