‘वेबसाइटवरचा खर्च म्हणजे देणगीची नासाडी’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया रागाने लिहिलेली आहे, पण तो राग कामाच्या कळकळीतून आलेला आहे. म्हणून सविस्तर उत्तर देते. सेवाभावी संस्थेच्या वेबसाइटची जबाबदारी एका ठरावीक व्यक्तीकडे असावी, असं मी माझ्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप तीन: देणगीचा पैसा लोकांसाठी असतो, वेबसाइटसाठी नव्हे, छोट्या संस्थेला फेसबुक पेज आणि व्हॉट्सॲप ग्रुप पुरतो, आणि हे काम एखादा उत्साही स्वयंसेवक फावल्या वेळात करतोच.

पैशाबद्दलचं तुमचं म्हणणं बरंचसं मान्य. लेखात मी नव्या डिझाइनवर गरजेपेक्षा जास्त लिहिलं, ती चूक झाली. छोट्या संस्थेला पाच-सहा साधी पानं पुरेत: आम्ही काय करतो, मदत हवी असेल तर कुठे आणि केव्हा यायचं, देणगी कशी द्यायची, हिशेब कुठे पाहायचा. वर्डप्रेस हे वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर २००३ पासून मोफत आहे, सुरक्षित जोडणीसाठी लागणारं सर्टिफिकेटही लेट्स एन्क्रिप्ट या सेवेकडून फुकट मिळतं. डोमेन (वेबसाइटचा पत्ता) आणि होस्टिंग (वेबसाइट ठेवायची भाड्याची जागा) यांचे पैसे तेवढे भरावे लागतात. खरी ओढाताण होते ती लक्ष देणाऱ्या माणसाची.

म्हणूनच स्वयंसेवकाच्या मुद्द्यावर मी मागे हटणार नाही. मी ज्या संस्थेत काम करत होते, तिथे तुम्ही म्हणता तसाच एक मुलगा होता. मनापासून राबणारा. डोमेन त्याने स्वतःच्या ईमेलवरून घेतलं, पैसेही स्वतःच्या कार्डावरून भरले. पुढे त्याची नोकरी बदलली, ईमेल बदलला, नूतनीकरणाच्या सूचना जुन्या इनबॉक्समध्ये साचत राहिल्या. एके दिवशी वेबसाइट उघडेना. आम्हाला वाटलं, सर्व्हर बिघडला असेल, आणि आम्ही होस्टिंगवाल्यांच्या मागे लागलो. मुदत संपलेलं डोमेन नोंदणीतून काढलं की साधारणपणे ३० दिवस जादा शुल्क भरून परत मिळवता येतं, त्यानंतर थोड्याच दिवसांत ते कोणीही घेऊ शकतं. आमच्या ध्यानात आलं तोवर ते दुसऱ्या कोणी घेतलंही होतं, आणि आमच्या पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती दिसत होत्या. आमच्या प्रत्येक छापील पत्रकावर तोच पत्ता होता. मदत शोधणारी माणसं तिथेच जात होती.

त्या मुलाला मी दोष देत नाही. डोमेन कोणाच्या नावावर आहे, हे विश्वस्तांच्या एकाही बैठकीत कोणी विचारलं नव्हतं, आणि त्या बैठकांना मीही हजर असायचे. पगारी माणूस नेमाच, असं माझं म्हणणं नाही. स्वयंसेवकच असू दे. पण काम कोणाचं ते लेखी ठरलेलं असावं, खाती संस्थेच्या ईमेलवर असावीत आणि पासवर्ड किमान दोघांना मिळू शकावेत. ओटीपी एकाच्याच फोनवर येत असेल, तर तो माणूस आजारी पडला की संस्था कुलूपबंद होते.

आता फेसबुक आणि व्हॉट्सॲप. ती वापरू नका असं मी कधीच म्हणणार नाही, माणसं तिथे असतात. पण फेसबुकसारखंच असलेलं ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झालं, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये. तिथे ज्यांनी सगळं मांडलं होतं त्यांना बिऱ्हाड हलवावं लागलं. आणि पेज चालू असतानाही तुमची पोस्ट कोणाला दिसणार हे ती कंपनी ठरवते. मदत केंद्राची बदललेली वेळ सांगणारी पोस्ट तिसऱ्या दिवशी खाली गेली की संपलं. शिवाय अशा सूचना बहुतेकदा पोस्टरच्या चित्रात असतात. एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या दृष्टिहीन माणसाला, सोबत मजकूर किंवा चित्राचं नेमकं वर्णन नसेल तर, त्यातली वेळ कळायची खात्री नाही.

व्हॉट्सॲप ग्रुपबद्दलची काळजी याहून मोठी आहे. साध्या ग्रुपमध्ये सगळ्यांना एकमेकांचे नंबर दिसतात. घरात मारहाण सोसणाऱ्या बाईसाठी किंवा एचआयव्हीसोबत जगणाऱ्या माणसासाठी, मदत घेणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये नंबर असणं म्हणजेच गुपित उघड होणं आहे. एक शब्दही न लिहिता त्यांची गोष्ट ग्रुपमधल्या सगळ्यांना कळते. आपण सोय म्हणून ग्रुप काढतो आणि परवानगी विचारायची राहून जाते. तुमची संस्था अशा कामात असेल, तर वेबसाइटचं राहू द्या, आधी हे तपासा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

वार्तापत्र कोणी उघडत नाही, असंही तुम्ही जाता जाता लिहिलं आहे. ते जीमेलच्या पत्त्यावरून, पण एकदम अनेकांना ईमेल पाठवणाऱ्या दुसऱ्या सेवेमार्फत जात असेल, तर बरंचसं स्पॅममध्येच पडत असणार. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याचे नियम कडक केले आहेत. संस्थेच्या डोमेनवरचा पत्ता घ्या आणि एसपीएफ, डीकेआयएम या नोंदी (ईमेल खरंच तुमच्याकडूनच आला आहे, हे पटवणाऱ्या) डोमेनवर करून घ्या. जाणत्याचं तासा-दोन तासांचं काम आहे.

‘आठवड्याला किती वेळ द्यायचा, ते तरी सांगा’ हा तुमचा शेवटचा प्रश्न. माझ्या अनुभवात छोट्या साइटला दोन तास पुरतात. पहिला अर्धा तास फक्त वाचायचा: फोन नंबर, वेळा, पत्ता अजून बरोबर आहेत का. मग अपडेट आणि बॅकअप (साइटची जपून ठेवलेली प्रत), आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप खरोखर उघडून पाहायचा. उरलेल्या वेळात आलेल्या चौकशांना उत्तरं. या आठवड्यात मात्र एकच करा: डोमेनची मुदत कधी संपते आणि सूचना कोणाच्या ईमेलवर येतात ते शोधा. अडलात तर इथेच लिहा, मी मदत करेन.