एअर फ्रायर घ्यावा का? घ्या की, विचार काय नंतरही करता येतो

एअर फ्रायर घ्यावा की नाही हा प्रश्न ज्याला पडलाय त्याने तो मनातून घेतलेलाच असतो, फक्त पार्सल यायचं बाकी असतं. त्यामुळे निर्णय कसा घ्यायचा हे मी सांगत बसणार नाही, निर्णय झालाय. घरच्यांना आणि मुख्य म्हणजे स्वतःला तो फार विचार करून घेतलाय असं पटवायचं कसं, एवढंच शिकायचंय. मी या वाटेने जाऊन आलोय, ओट्यावर जागा नसताना गेलोय, म्हणून चार गोष्टी हक्काने सांगतो.

पहिलं म्हणजे आपण महिन्यातून किती वेळा तळतो हे चुकूनही मोजायचं नाही. मोजलंत तर उत्तर दोनदा असं येतं, फार तर तीनदा, आणि मग सगळा बेतच बसतो. तुम्ही आत्ता जे आहात त्या माणसासाठी हे मशीन नाहीच मुळी. पुढच्या सोमवारपासून जो माणूस सकाळी उठून ब्रोकोलीचे तुरे मीठमिरपूड लावून टोपलीत टाकणार आहे आणि ते आवडीने खाणारही आहे, त्याच्यासाठी आहे. तो माणूस अजून आलेला नाही, पण त्याची भांडी आधी येऊन पडलेली बरी.

दुसरं, ते चालतं कसं हे विचारायचं नाही. कारण हे इतकं सोपं आहे की ऐकल्यावर उत्साह जातो. वर एक तापणारी कॉइल, कॉइलच्या डोक्यावर पंखा, खाली भोकाभोकांची टोपली. पंखा गरम हवा जोरात फिरवतो, हवा पदार्थाच्या वरून, बाजूने, टोपलीच्या भोकांतून खालून अशी सगळीकडून फिरते, पृष्ठभागावरचं पाणी उडून जातं आणि वरचा थर कोरडा होऊन खरपूस होतो. झालं. याला मराठीत पंख्याचा ओव्हन म्हणतात. पंखा लावलेला ओव्हन काही कालपरवाचा नाही, विल्यम मॅक्सन नावाच्या अमेरिकन माणसाने १९४० च्या दशकातच लष्करी विमानांत गोठवलेलं जेवण गरम करायला असा ओव्हन केला होता. मग फ्रेड व्हॅन डर वेइ या डच माणसाला कमी तेलात कुरकुरीत फ्राइज हवे होते म्हणून तो खटपट करत बसला, आणि २०१० मध्ये फिलिप्सने बर्लिनच्या आयएफए या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात 'एअरफ्रायर' म्हणून ती वस्तू जगापुढे ठेवली. छोट्या ओव्हनला फ्रायर म्हणायचं ज्याला सुचलं त्याला मी मनापासून मानतो, कारण 'टेबलावरचा छोटा ओव्हन' असं नाव असतं तर तुम्ही आत्ता हे वाचत नसता आणि मीही झोपलो असतो.

आमच्याकडे बॉक्स उघडला तेव्हा आईने टोपली बाहेर काढली, आत वाकून वर बघितलं, आणि म्हणाली, "हा ओव्हन आहे की रे."

"नाही आई, फ्रायर आहे."

"तळतो कशात मग?"

"हवेत."

यावर ती काही बोलली नाही. टोपली परत सरकवली, हात पुसले आणि गेली. तुमच्या घरी अशी व्यक्ती असेल तर पार्सल दुपारी तिची झोपायची वेळ बघून मागवा.

आता तुमच्याकडे फॅनवाला ओव्हन किंवा कन्व्हेक्शन मोडचा, म्हणजे पंख्याने गरम हवा फिरवणारा, मायक्रोवेव्ह आधीच असेल तर तुम्ही म्हणाल की मग माझ्याकडे आहेच की हे. बरोबर आहे, पण हा विचार मनात आला की लगेच पाणी प्या. फरक असतोच, छोटी जागा, जोरात हवा, त्यामुळे लवकर तापतो आणि जरा जास्त खरपूस करतो. एवढ्या फरकावर माणसांनी गाड्या बदलल्यात, तुम्ही एक डबा घ्यायला लाजताय?

तिसरा मुद्दा लिटरचा. चार लिटर, सहा लिटर, आठ लिटर असे आकडे असतात. लिटर म्हणजे काय मोजलंय हे विचारायचं नाही. सूप करायचंय का तुम्हाला? टोपलीत पदार्थ एका थरात पसरला तरच हवा खेळते, ढीग घातला की वरचे फ्राइज करपतात आणि खालचे उकडतात, म्हणजे लिटर कितीही असोत, उपयोग फक्त तळाचा. मी चार लोकांसाठी फ्राइज करायला घेतले तेव्हा तीन घाण्यांत काम झालं. पहिला घाणा अठरा मिनिटं, दुसरा सोळा, तिसरा पंधरा, कारण तोवर मशीन तापलेलं. तिसरा निघाला तेव्हा पहिला गार होऊन मऊ पडला होता, म्हणून पहिला परत आत टाकला गरम करायला, तो गरम होईपर्यंत दुसरा मऊ पडला, म्हणून मग तो टाकला, आणि हे चक्र थांबलं ते केवळ लोकांनी उभ्याउभ्या गारच खायला सुरुवात केली म्हणून. पण बघा, एका संध्याकाळी मशीन किती वापरलं गेलं! पैसे असेच वसूल होतात.

तेलाचा हिशोब मात्र नीट पाठ करून ठेवा, घरात तोच सगळ्यात जास्त चालतो. जाहिरातीत लिहिलेलं असतं नव्वद टक्के कमी तेल. कशापेक्षा कमी, हे विचारणारा कोणीतरी निघतोच, त्याच्याकडे दुर्लक्ष करा. कढईत लिटरभर तेल ओतलं म्हणून तुम्ही लिटरभर पीत नाही, पदार्थात शिरतं त्यातलं थोडंसं, पण तुलना करताना एका बाजूला अख्खी कढई आणि दुसऱ्या बाजूला एक चमचा असं ठेवलं की चित्र कसं डोळ्यांत भरतं. आणि हो, फ्रोझन फ्राइजचं पाकीट घेतलंत तर मागची बारीक अक्षरं वाचू नका, त्यात तेल लिहिलेलं असतं, कारण ते फ्राइज फॅक्टरीतच एकदा अर्धवट तळून मग गोठवलेले असतात. म्हणून तर ते 'एक थेंबही तेल न घालता' इतके झकास होतात. तळायचं काम दुसऱ्याने केलंय, तेल दुसऱ्याने घातलंय, तुम्ही फक्त बटण दाबलंत, आरोग्य तुमचं.

तेच साध्या बटाट्याचं करून बघा. कापा, अर्धा तास पाण्यात ठेवा म्हणजे वरचा स्टार्च जातो, फडक्याने खडखडीत कोरडे करा, चमचाभर तेल चोळा, १८० डिग्रीला टाका, मध्येच टोपली काढून हलवा, परत टाका. छान होतात, खोटं कशाला बोलू. फक्त मोठ्या चमचाभर तेलातही सव्वाशेच्या आसपास कॅलरी असतात आणि बटाटा हा बटाटाच राहतो हे ताटात घेताना आठवू नका, चव जाते.

आता मासे. हे जरा सविस्तर सांगतो कारण हे माझ्याकडून एकदाच झालंय आणि परत होणार नाही. छान पातळ पीठ भिजवलं, माशाचे तुकडे बुडवले, टोपलीत मांडले, २०० डिग्री, बारा मिनिटं. कढईत काय होतं की गरम तेलात पीठ पडल्या पडल्या चारी बाजूंनी एकदम धरतं, कारण तेल उष्णता हवेच्या कितीतरी पट वेगाने देतं. हवेला तेवढी घाई नसते. हवा येईपर्यंत पीठ निघालं. सहाव्या मिनिटाला टोपली उघडली तर पीठ भोकांतून ओघळून खालच्या ट्रेवर जाऊन घट्ट झालेलं, बारीक बारीक खांब उभे राहिलेले, अगदी गुहेत असतात तसे, आणि वर मासे उघडेवाघडे, कोरडे, माझ्याकडे बघतायत. खांब मात्र कुरकुरीत झाले होते. ते खाल्ले मी. टोपलीची भोकं टूथपिकने साफ करायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात कढईत दोनदा मासे तळून झाले असते, आणि नंतर तेच केलं, म्हणजे त्या दिवशी कढईही घासली आणि टोपलीही.

साफसफाईवरून आठवलं, 'धुवायला एकदम सोपा' हे वाक्य टोपलीबद्दल असतं. वर जी कॉइल आहे, जिच्यावर चरबीचे शिंतोडे उडतात, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही, तुम्हीही बोलू नका. नॉनस्टिकला तारेची घासणी लावायची नाही, आत स्टीलचा चिमटा खुपसायचा नाही, आणि तेलाचे ते स्प्रेचे डबे मिळतात ते मारायचे नाहीत, त्यातल्या लेसिथिन नावाच्या पदार्थाचा चिकट थर बसतो तो जाता जात नाही. चिकनचा चरबीवाला तुकडा टाकलात की खाली गळून धूर येतो, ट्रेमध्ये थोडं पाणी घातलं की कमी येतो. बेकिंग पेपर टाकायची हौस असेल तर त्यावर वजन ठेवा, रिकामा पेपर घालून प्रीहीट केलंत तर पंखा तो उचलून थेट कॉइलला नेऊन लावतो आणि मग खरं तळणं म्हणजे काय ते कळतं.

हेल्दीचा विषय निघणारच, तेव्हा एवढं म्हणा की 'हवेत केलंय'. बास. कोणी स्वीडनच्या शास्त्रज्ञांना २००२ मध्ये खाण्यात सापडलेलं अ‍ॅक्रिलामाइड, म्हणजे कॅन्सरचा संशय असलेलं ते रसायन काढलं, आणि म्हणालं की बटाट्यासारखे स्टार्चवाले पदार्थ १२० डिग्रीच्या वर कोरडे भाजले-तळले की ते तयार होतं, तर ऐका आणि मान हलवा. ते एअर फ्रायरमध्येही होतं, जितकं काळपट तितकं जास्त, सोनेरी असताना काढलंत तर कमी. पण फोटो काळपटाचाच चांगला येतो हा एक घोळ आहे.

वीज हा मुद्दा मात्र खरंच तुमच्या बाजूचा आहे म्हणून घरात सगळ्यात आधी हाच फेका. १५०० वॉटचं मशीन वीस मिनिटं सलग चाललं तरी अर्धा युनिट, मध्ये थर्मोस्टॅट बंद करतो म्हणजे त्याहून कमी, आणि मोठा ओव्हन तर नुसता तापायलाच दहा मिनिटं घेतो. वर सांगितलेल्या तीन घाण्यांचा आणि परत गरम करायच्या फेऱ्यांचा हिशोब या वाक्यात मिसळायचा नाही. एक्स्टेंशन बोर्डवर मात्र लावू नका, हे मी उपरोधाने म्हणत नाहीये.

जागा? जागा होते. मागून गरम हवा बाहेर पडते म्हणून मागे भिंतीपासून वीतभर अंतर ठेवायचं, वर कपाट नको, शेजारी प्लास्टिक नको. म्हणजे ओट्यावर ठेवायला आधी ओटा मोकळा पाहिजे, आणि ओटा मोकळा असलेलं घर मी अजून बघितलेलं नाही. मग तो खालच्या कपाटात जातो. आणि कपाटातून काढायला लागणारी वस्तू आणि नसलेली वस्तू यात फरक फक्त हप्त्यांचा असतो.

अनुभव विचारायचाच असेल तर ज्यांनी घेऊन पंधरा दिवस व्हायचेत त्यांनाच विचारा. त्यांच्या डोळ्यांत तेज असतं, ते केक करतात, अंडी पण त्यातच उकडतात. वर्ष झालेल्यांना भेटू नका. आणि जुन्या वस्तूंच्या जाहिराती तर उघडूच नका, तिथे 'अगदी नवा, दोनदाच वापरलाय, जागेअभावी विकणे आहे' असे एअर फ्रायर ओळीने बसलेले असतात. दोनदाच. एकानेही तीनदा वापरलेला नाही.

एक गोष्ट सांगतो पण ही आपल्यातच ठेवा, कारण जाहिरातीत शोभत नाही. कालचे फ्राइज, कालचा पिझ्झा, उरलेलं तळलेलं चिकन, हे मायक्रोवेव्हमध्ये टाकलं की आतलं पाणी तापून वाफ होते आणि वरचा थर ओल्या पुठ्ठ्यासारखा होतो. एअर फ्रायरमध्ये चार मिनिटं ठेवा, काल संध्याकाळ परत येते. घरात एक-दोनच माणसं असतील, ओव्हन नसेल, रोजचं काहीबाही भाजायचं असेल तर तो चक्क उपयोगाचा आहे. म्हणजे आदल्या दिवशी कोणीतरी कढईत नीट तळून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी एअर फ्रायरसारखं दुसरं मशीन नाही.

परवाच मामेभावाचा फोन आला, घेऊ का म्हणून. मी दहा मिनिटं मनापासून कौतुक केलं, तेल, वीज, वेळ, सगळं. तो पुरता तयार झाल्यावर हळूच म्हटलं, अरे पण नवा कशाला घेतोस, माझा आहे ना, बॉक्ससकट, अगदी नव्यासारखा, दोनदाच वापरलाय.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "त्याला मासे सांग."