रस्ता सरकारचा आहे, पायरी नाही

"रस्ता सार्वजनिक आहे, आम्ही काही घरात शिरलो नाही." पणजीच्या फोंताइन्हासमध्ये, म्हणजे जुन्या रंगीत घरांच्या वस्तीत, फोटोसाठी दार अडवणाऱ्या कोणाही पर्यटकाला जरा सरकायला सांगा, हेच ऐकायला मिळतं. मराठीत, हिंदीत, इंग्रजीत. भाषा वेगळी, माज तोच. आणि हे सुनावताना बाईसाहेबांचं बूड कुठे टेकलेलं असतं? त्याच घराच्या पायरीवर!

रस्ता सार्वजनिक आहे, कबूल. मग राहा की रस्त्यावर. इथल्या बऱ्याच घरांचं दार थेट गल्लीत उघडतं. मध्ये कुंपण नाही, अंगण नाही. दोन-तीन पायऱ्या, आणि काही घरांना बाल्कांव: दारापुढचा छोटा छपरी ओटा, दोन्ही बाजूंना बसायला पक्के बाक, ज्याला सोपो म्हणतात. त्याला फाटक नाही, कुलूप नाही, म्हणून तुम्हाला तो नगरपालिकेचा बाक वाटतो का? संध्याकाळी घरातली म्हातारी माणसं तिथे टेकतात, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलतात. कोकणात अनोळखी घराच्या ओटीवर चपला घालून चढायची तुमची छाती होत नाही. मांडवी नदी ओलांडून पणजीत आलात की ती लाज कुठे वाहून जाते?

आता ते कायदा शिकवणारे. त्यांना अर्धाच कायदा पाठ असतो. बरोबर आहे, रस्त्यावरून इमारतीचा फोटो काढणं हा गुन्हा नाही. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२ मध्ये वास्तुरचनेच्या छायाचित्राला सरळ सूट आहे. पण ती सूट वास्तुरचनेला आहे. आत भाजी चिरणाऱ्या बाईला नाही, खिडकीत अभ्यासाला बसलेल्या पोराला नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली पुट्टस्वामी प्रकरणात सांगून झालंय. आणि घरात शिरून मालकाला मुद्दाम सतावलंत, तर भारतीय न्याय संहितेचं अतिक्रमणाचं कलम ३२९ आहे. गोव्याच्या पर्यटन खात्यालाही जानेवारी २०२३ मध्ये पत्रक काढून सांगावं लागलं की अनोळखी माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. हे सरकारने सांगावं लागतं, यातच सगळं आलं.

शिवाय या मंडळींना वाटतं की अख्खी वाडी युनेस्कोची आहे, म्हणजे पर्यायाने त्यांची. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत १९८६ साली गेली ती जुन्या गोव्यातली चर्च आणि कॉन्व्हेंट. फोंताइन्हासमधलं हे घर मालकाचं आहे, त्याचं छप्पर तोच शाकारतो आणि रंगाचं बिलही तोच भरतो.

रंगाचं तर बोलायलाच हवं, कारण सगळे येतात त्या पिवळ्या, निळ्या, गेरूच्या भिंतींसाठी. जुन्या भिंती चिऱ्याच्या, वर चुन्याचा गिलावा. पावसाळ्यात त्या ओल धरतात, रंग फुगतो, पोपडे सुटतात, म्हणून पाऊस सरला की पुन्हा रंगवायच्या. त्या ताज्या भिंतीला पाठ टेकून एक पाय गुडघ्यात दुमडून मागे लावायचा, ही पोझ कोणी शोधून काढली त्याचे हात जोडून आभार. बुटाचा काळा ठसा उमटतो तो कंबरेखाली, बरोबर एकाच उंचीवर, एकाशेजारी एक. पुसायला जावं तर चुन्याचा रंग फडक्याबरोबर निघून येतो. तेवढ्याच ठिकाणी हात मारला तर नवा रंग जुन्याशी जुळत नाही आणि ठिगळ लांबून दिसतं. म्हणजे अख्खी भिंत पुन्हा करा. तुमच्या एका फोटोसाठी!

खिडक्यांचं त्याहून वाईट. जुन्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपल्याचे पातळ, अर्धपारदर्शक तुकडे लाकडी पट्ट्यांत बसवलेले असतात. ते ठिसूळ असतात आणि आता ते बसवून देणारा सुतार सहज सापडत नाही. "जरा अर्धी उघडी छान दिसेल" म्हणून बाहेरून झडप ओढली की एक तुकडा गेला. कुंड्या उचलून चौकटीत आणायच्या, पुन्हा जागेवर ठेवायच्या नाहीत. दुसऱ्याच्या स्कूटरवर बसायचं. मांजराला बिस्किटाचं आमिष दाखवून दुसऱ्याच्या उंबरठ्यावर बसवायचं, हाही प्रकार चालतो.

लग्नाआधीच्या शूटवाल्यांना वेगळी शिक्षा हवी. दोघांचं लग्न, पण सोबत सहा-सात जण: कॅमेरावाला, व्हिडिओवाला, गिंबल (कॅमेरा स्थिर ठेवणारी दांडी) धरणारा, रिफ्लेक्टर धरणारा, मेकअपवाली, घागऱ्याचा घेर उडवणारी मैत्रीण, आणि काहीच न करता जोरजोरात सूचना देणारा एक भाऊ. गल्ली इतकी अरुंद की गाडी आली तर माणसाने भिंतीला चिकटावं. त्यात पूर्ण घर चौकटीत मावत नाही म्हणून कॅमेरावाला मागे मागे सरकत समोरच्या घराच्या पायरीवर चढतो. म्हणजे एका घराचा फोटो आणि दोन घरांना ताप. फोनची ०.५ वाली वाइड लेन्स लावली तर भिंती आत कलतात, हे त्याला ठाऊक असतं. मग बाबा, दोनच खिडक्या घे, दाराचा तपशील घे, कोपऱ्यावरून तिरका अँगल घे! पण नाही, संपूर्ण घरच हवं. रंगीत धुराच्या नळकांड्या फोडल्या की तो रंग चुन्यात मुरतो. कागदी चकत्या उडवल्या की पुढचे कित्येक दिवस गटारात. कपडे बदलायला जिन्याखालची जागा, तीही न विचारता. यातून पैसे मिळतात ते कॅमेरावाल्याला. धंद्याचं काम आहे तर मालकाची लेखी परवानगी आधी घ्यायची असते, इतकं त्याला कळत नसेल तर त्याने कॅमेरा विकावा.

आणि विचारायचं म्हणजे काय एवढं अवघड आहे हो? कॅमेरा पिशवीत ठेवा. घंटा एकदा वाजवा, तिनदा नाही. दुपारी दीड ते चार अजिबात नको, गोव्यात ती झोपेची वेळ आहे आणि ती मोडणाऱ्याला कोणी हसून उत्तर देत नाही. दार उघडणाऱ्या लहान मुलाचं किंवा कामवाल्या मावशींचं "हो" धरू नका, घरच्या मोठ्या माणसाला विचारा. काय काढणार, किती जण आहात, किती मिनिटं लागतील, फोटो कुठे टाकणार, हे चारही आधीच सांगा. "फक्त आठवण म्हणून" असं सांगून रात्री रील टाकायची, याला परवानगी म्हणत नाहीत, फसवणूक म्हणतात. दार हवंय तर दाराचं विचारा. दाराचा होकार म्हणजे बाल्कांवचा नव्हे. नावाची पाटी, घर नंबर, गाडीची नंबरप्लेट चौकटीबाहेर ठेवा. लोकेशनला "पणजी" पुरे, नकाशावर नेमक्या घराची खूण टोचू नका. एका खुणेमागे शंभर जण येतात. नाही म्हटलं की "देव बरें करूं" (कोकणीतलं धन्यवाद) म्हणून निघायचं. कारण विचारायचं नाही, आणि "किती घ्याल?" तर मुळीच नाही.

पैशांवरून आठवलं. गोव्यातल्याच पर्रा गावात माडांच्या रस्त्यावर फोटोसाठी पंचायतीने २०१९ मध्ये पैसे लावले, केवढा गहजब झाला, शेवटी मागे घ्यावे लागले. जपानमध्ये क्योतोच्या गिओन वस्तीत खासगी गल्ल्यांत शिरलात तर दहा हजार येन दंड आहे. दक्षिण कोरियात सोलच्या बुकचोन वस्तीत संध्याकाळी पाच ते सकाळी दहा पर्यटकांना ठरावीक भागात मज्जाव आहे. तिकडे जाऊन हीच माणसं शहाण्यासारखी पाटी वाचतात. इथे "फोटो काढू नका" या पाटीशेजारी उभं राहून, बोटाने पाटी दाखवत, जीभ बाहेर काढून फोटो काढतात.

सगळ्यात संताप आणणारा तो "डिलीट केला, बघा" वाला. घरमालकासमोर कचऱ्याच्या डब्यावर बोट मारतो, स्क्रीन दाखवतो, हसतो. फोटो जातो "नुकतेच हटवलेले"मध्ये. आयफोनवर तीस दिवस तिथेच पडून असतो आणि हॉटेलात पोचेपर्यंत परत आणलेला असतो. म्हणून घरमालकांनो, पुढच्या वेळी कोणी असं दाखवलं, तर सरळ सांगा: तो फोल्डर उघडा, तिथूनही काढा, आणि आम्ही बघतोय.